शुगर उतरते म्हणून ती मुद्दाम चढवून ठेवावी का? वडील आणि येणारं बाळ, दोघांविषयी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. वडील, म्हणजे आप्पा, ७१ वर्षांचे, ठाण्यात नौपाड्यात राहतात. मधुमेह जुना, सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं मिक्स इन्सुलिन आणि जोडीला ‘एक गोळी’. गेल्या महिन्यात संध्याकाळचं इंजेक्शन घेऊन ते नेहमीप्रमाणे तलावपाळीला फिरायला गेले. दुसऱ्या फेरीत दरदरून घाम फुटला, पाय लटपटले. मित्रांनी बाकावर बसवलं, कुणीतरी पेढा भरवला. रिक्षाने घरी आणल्यावर मीटरवर ५२. तेव्हापासून त्यांनी धास्ती घेतली आहे आणि रोज झोपताना एक रव्याचा लाडू खातात. दुसरीकडे तुमच्या पत्नीला आठवा महिना, गरोदरपणातला मधुमेह, इन्सुलिन चालू. त्या माहेरी ऐरोलीला. डॉक्टर म्हणाले की जन्मल्यावर बाळाची शुगर उतरू शकते, तपासत राहावं लागेल, वेळ पडली तर काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. त्यावर घरच्यांनी असं काढलं की बाळाची शुगर उतरते ती आईच्या इन्सुलिनमुळे, तेव्हा शेवटचा महिना डोस जरा कमीच घ्यावा आणि बाळ झाल्या झाल्या मध चाटवावा. हे बरोबर का, असं तुम्ही विचारता.

नाही. दोन्हीकडे नाही. आणि पत्नीच्या बाबतीत तर घरच्यांनी काढलेला उपाय नेमका उलटा पडेल. ‘शुगर किती ठेवावी’ असा तुमचा प्रश्न दिसतो, पण दोन्ही ठिकाणी खरी अडचण आकड्याची नाही. इन्सुलिन काम करत राहिलं आणि अन्न वेळेवर आलं नाही, म्हणून शुगर उतरते. वडिलांच्या अंगात ते सुईतून गेलं, बाळाच्या अंगात ते बाळाने स्वतःच तयार केलं. ते कुठून आलं, किती वेळ टिकणार आणि अन्न कुठे अडलं, हे शोधलं की पुढचं बरंचसं सुटतं. ते न शोधता वरून गोड घातलं की शुगर दोन्ही बाजूंना हेलकावे खाते.

मी ठाण्यात मधुमेहाचे पेशंट बघते आणि गरोदर बायकांचं इन्सुलिन सांभाळणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. बाळ जन्मल्यावर ते शिशुतज्ज्ञांच्या हातात जातं, पण त्याच्या शुगरची निम्मी गोष्ट आईच्या वहीत आधीच लिहिलेली असते, म्हणून दोन्हीविषयी बोलण्याचं धाडस करते. खालचं सगळं तुमच्या वर्णनावरून आहे. वडिलांच्या गोळीचं नाव, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) आणि पत्नीच्या वहीतले आकडे माझ्यासमोर नाहीत. डोस बदलायचा तो त्यांच्या डॉक्टरांनीच, माझं उत्तर वाचून घरी नाही.

वडिलांपासून सुरू करू. ‘इंजेक्शन घेऊन फिरायला जातात, आल्यावर जेवतात’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तर गुन्हेगार त्याच वाक्यात दिसतो. ३०/७० मध्ये ३० टक्के भाग झटपट चालणाऱ्या साध्या इन्सुलिनचा असतो. तो टोचल्यावर साधारण अर्ध्या तासात कामाला लागतो आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वात जास्त असतो. म्हणून हे इंजेक्शन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. वडील साडेसहाला टोचून निघत असतील, दोन फेऱ्या, मग कट्ट्यावर गप्पा आणि साडेआठला ताट, तर मधले दोन तास इन्सुलिन रिकाम्या पोटी राबतंय. वर चालणं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनची वाट न बघताही. त्यात सकाळच्या डोसमधला ७० टक्क्यांचा लांब चालणारा भाग दुपार-संध्याकाळपर्यंत थोडाफार शिल्लक असतोच. आणि सुई मांडीत टोचत असतील तर चालल्यावर तिथून इन्सुलिन आणखी वेगाने शोषलं जातं. इतकं सगळं एका वेळी जुळून आल्यावर ५२ यायला आणखी कारण लागत नाही.

त्यामुळे पहिला बदल फुकटचा आहे: आधी फेरी, मग इंजेक्शन, मग अर्ध्या तासात जेवण. फिरायला निघताना मीटर बघायचं. शंभरच्या आत असेल तर एक केळं किंवा दोन-तीन बिस्किटं खाऊन निघायचं. लग्नकार्याला हे फार घडतं. घरून टोचून निघतात, घोडबंदर रोडवर तासभर अडकतात, हॉलवर पोचेपर्यंत पंगत उठलेली, दुसरी बसायला वेळ. माझ्या पेशंटना मी एकच सांगते, ताट समोर येण्याची खात्री झाल्याशिवाय सुई उघडायची नाही. हॉलच्या खोलीत टोचलंत तरी कुणी काही म्हणत नाही. पाहुण्यांपैकी निम्म्यांच्या पिशवीत इन्सुलिनचं पेन असतंच.

पण वडील वर्षानुवर्षं असंच करत असतील आणि आत्ताच त्रास सुरू झाला असेल, तर हे कारण पुरेसं नाही. मग मी पुढचं शोधते. पहिलं, मूत्रपिंडं. बाहेरून घेतलेलं इन्सुलिन शरीराबाहेर काढण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. ती मंदावली की तोच डोस जास्त वेळ अंगात राहतो आणि जुना डोस नव्याने जड होतो. जुन्या मधुमेह्याची शुगर अचानक ‘छान कंट्रोलमध्ये’ आली, इन्सुलिन कमी लागू लागलं, की घरचे पेढे वाटतात आणि मी क्रिएटिनिन मागवते. दुसरं, जेवण खरंच तेवढंच राहिलंय का? वजन उतरलंय का? कवळी सैल झाली म्हणून पोळी सोडून नुसता आमटी-भात कालवून चार घास खाणारे आजोबा मी बरेच बघते. घरी विचारलं तर ‘जेवतात की व्यवस्थित’ असंच उत्तर येतं. तिसरं, ती गोळी. नुसती मेटफॉर्मिन सहसा शुगर फार उतरवत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवला असाल किंवा नसाल. इन्सुलिनच्या जोडीला यांतली गोळी असेल आणि मूत्रपिंडं थकलेली असतील, तर ती अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. संकष्टीला सकाळी ही गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत कडक उपास करणारे लोक आहेत. साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांची शुगर उलट चढते, ती वेगळी तऱ्हा.

चौथी गोष्ट मी कागदावर बघत नाही, हातात घेऊन बघते. पेशंटला सांगते, घरातलं सगळं सामान पिशवीत घालून आणा आणि माझ्यासमोर टोचून दाखवा. शर्ट वर केला की बेंबीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ हाताला लागते. वर्षानुवर्षं एकाच जागी सुई, कारण तिथे दुखत नाही. त्या गाठीतून इन्सुलिन एक दिवस कमी शोषलं जातं, एक दिवस भसकन. त्याच पिशवीत कधीकधी याहून भयंकर प्रकार निघतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसात मात्र १०० युनिटचं असतं, त्याच ताकदीच्या बाटल्याही मिळतात आणि त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कुणी काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढून घेतलं, तर २० च्या रेघेपर्यंत भरलेल्या सिरिंजमधून ५० युनिट जातात. अडीचपट. तुमच्या घरी दोन्ही प्रकारच्या सिरिंजा पडल्या असतील तर हे वाचून झाल्यावर आधी त्यांतली नको ती वेगळी काढा.

आता लाडू. रात्रीच्या लाडवाचं मी एवढं मनावर का घेते ते सांगते. लाडू खाल्ला की अकरा-बाराला शुगर वर जाते, कधीकधी पहाटेपर्यंत वरच राहते. सकाळी उपाशीपोटीचा आकडा येतो २१०. वडील तो वहीत लिहितात, लाडू लिहीत नाहीत. पुढच्या भेटीत डॉक्टर वही बघून रात्रीचा डोस दोन युनिटांनी वाढवतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मग ज्या रात्री लाडू संपलेला असतो किंवा जेवण कमी झालेलं असतं, त्या रात्री दोन-तीन वाजता शुगर खाली. संध्याकाळच्या डोसमधल्या लांब चालणाऱ्या भागाचा जोर रात्री त्याच सुमारास असतो. उशी घामाने ओली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, ही त्याची खूण. तेव्हा आधी डॉक्टरांना लाडू कबूल करा. दोन-तीन रात्री तीनचा गजर लावून मीटर बघा आणि ते आकडे वेळेसकट लिहा. सत्तरीच्या पुढे, आणि विशेषतः हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर, तीन महिन्यांच्या सरासरीचं, म्हणजे एचबीए१सीचं लक्ष्य आम्ही सैल करतो. सातच्या आत आणायचा हट्ट धरत नाही, कित्येकांना आठच्या आसपास चालतं. पण ते सैल करायचं ते डोस कमी करून. तोच डोस ठेवून त्याच्यावर लाडू चढवून नाही.

आता प्रत्यक्ष उतरल्यावर काय करायचं. ७० च्या खाली गेली की उपाय सुरू, मग लक्षण असो वा नसो. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर धरायची. वडिलांची पेढा खाऊन घरी पोचल्यावर ५२ होती, म्हणजे बाकावर बहुधा त्याहून खाली असणार. घरगुती मीटर इतक्या खालच्या पातळीवर दहा-पंधराने इकडेतिकडे दाखवू शकतं, म्हणून ६८ की ७३ यावर वाद घालत बसू नका. हात मात्र धुऊन मगच टोचा. आंबा कापलेल्या बोटावर मीटर १५० दाखवेल आणि माणूस समोर थरथरत असेल. मीटर जवळ नसेल तर उपाय आधी, आकडा नंतर.

साखर विरघळून लगेच रक्तात जायला हवी. साधारण १५ ग्रॅम, म्हणजे साध्या साखरेचे तीन चहाचे चमचे अर्ध्या कप पाण्यात ढवळून. किंवा साध्या ग्लुकोज पावडरचे तीन-चार चमचे, किंवा अर्धा-पाऊण कप गोड फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की मग पोळी-भाजी, दूध-बिस्किट असं काहीतरी टिकणारं खायचं, नाहीतर परत घसरते. पेढा, चॉकलेट, लाडू यांतलं तूप आणि स्निग्धांश पोटात रेंगाळतात आणि साखर उशिरा पोचवतात. पेढा देणाऱ्या माणसाचे आभारच माना, पण खिशात मात्र ग्लुकोज ठेवा.

खिशात साखरेची पुडी नको, ग्लुकोजच, याला आणखी एक कारण आहे. बऱ्याच जणांच्या एका गोळीत तीन औषधं असतात आणि त्यांतलं एक व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असतं. हे औषध आतड्यात साध्या साखरेचं विघटनच अडवतं. अशा माणसाला शुगर उतरल्यावर चमचाभर साखर दिली तर ती पोटात पडून राहते, रक्तात वेळेवर येत नाही. ग्लुकोजला विघटन लागत नाही, ते थेट जातं. वडिलांच्या पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा आणि ही दोन नावं आहेत का बघा.

घाम, थरथर, धडधड, सपाटून भूक ही शरीराने वाजवलेली घंटा. पण ती सगळ्यांना ऐकू येत नाही. वारंवार शुगर उतरत राहिली की घंटा उशिरा वाजते, मग वाजतच नाही, आणि माणूस थेट बरळायला लागतो, चिडतो, शर्टाची बटणं उलटी लावतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो. म्हणून त्यांच्या फिरायच्या मित्रांना सांगून ठेवा की आप्पा विनाकारण भांडायला लागले किंवा घामाने निथळले तर आधी ग्लुकोज, मग प्रश्न. चांगली गोष्ट ही की दोन-तीन आठवडे शुगर अजिबात उतरू दिली नाही तर ही घंटा बऱ्याच जणांत परत येते.

शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, चमचा नाही. श्वासनलिकेत गेलं तर शुगरपेक्षा ते आधी जीव घेईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन किंवा जे वाहन हाताशी असेल ते. शिरेतून ग्लुकोज गेलं की बहुतेक जण काही मिनिटांत डोळे उघडतात आणि लगेच घरी जायला निघतात. इथे एक अट. कारण ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी असेल, तर पेशंट बरा दिसला तरी दिवसभर, कधी त्याहून जास्त, देखरेखीखाली राहायला हवा. गोळीचा अंमल बराच वेळ चालतो आणि सलाईन काढलं की काही तासांनी शुगर परत कोसळते. ‘बरे झाले, सही करून घरी नेलं, रात्री परत आणलं’ हा प्रकार आपल्याकडे फार होतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

इथवरचं थोडक्यात: आधी फेरी मग सुई, सुई ते ताट अर्धा तास, लाडू बंद पण डॉक्टरांना सांगून, क्रिएटिनिन आणि गोळीचं नाव तपासायचं, खिशात ग्लुकोज.

आता पत्नी आणि बाळ. घरच्यांचा तर्क वरवर सरळ वाटतो. आई इन्सुलिन घेते, ते बाळाला जातं, बाळाची शुगर उतरते. चूक पहिल्याच पायरीला आहे. आईने टोचलेलं इन्सुलिन वारेतून (प्लासेंटामधून) बाळाकडे जवळपास जात नाही. आईच्या रक्तातली साखर मात्र मुक्तपणे जाते. आईची शुगर चढलेली असेल तर बाळाला पोटात सतत जास्त साखर मिळते, आणि ती पचवायला बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवायला शिकतं. डेन्मार्कच्या यॉर्गन पेडरसन यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर मांडलेली ही गोष्ट आजही या विषयाचा पाया आहे. मग नाळ कापली जाते. साखरेचा पुरवठा त्या क्षणी थांबतो, बाळाचं इन्सुलिन थांबत नाही. म्हणून शुगर कोसळते. म्हणजे शेवटच्या महिन्यात पत्नीने डोस कमी केला तर तिची शुगर चढेल, बाळ आणखी इन्सुलिन बनवेल आणि जन्मल्यावर आणखी जोरात उतरेल. घरी ठरलेला उपाय उलटा पडेल म्हटलं ते यासाठी.

उलट आता शेवटचे आठवडे आणि प्रत्यक्ष कळा सुरू असतानाचे तास सर्वात महत्त्वाचे. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, ही सर्वसाधारण उद्दिष्टं. तिच्या डॉक्टरांनी वेगळी दिली असतील तर ती पाळा. कळांमध्ये आम्ही तासा-दोन तासांनी शुगर बघतो आणि साधारण ७० ते ११० च्या दरम्यान ठेवायला बघतो, कारण त्या काही तासांत आईची शुगर चढली तरी बाळाला इन्सुलिनचा शेवटचा धक्का बसतो. वेळेआधी बाळंतपणाची शक्यता असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानंतर काही दिवस तिची शुगर बरीच चढते आणि डोस तात्पुरता वाढवावा लागतो. तेव्हा गोंधळू नका.

बाळाचं नेमकं काय होतं? जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत प्रत्येक बाळाची शुगर उतरते, मधुमेह नसलेल्या आईच्या बाळाचीही. निरोगी बाळ यकृतातला साठा मोडतं, चरबीतून मेंदूसाठी पर्यायी इंधन तयार करतं आणि आपलं आपण सावरतं. तुमच्या बाळासारख्या बाळात इन्सुलिन जास्त असेल तर ते हे दोन्ही मार्ग दाबून धरतं. म्हणून त्या आकड्याकडे आम्ही जास्त काळजीने बघतो. बऱ्याच रुग्णालयांत ४५, काही ठिकाणी ४० ही रेघ धरतात. पहिल्या काही तासांत याहून खालचा आकडाही, बाळ खुशाल असेल आणि दूध ओढत असेल तर, लगेच काचेत न ठेवता दुधाने सावरून बघतात. कोणत्या आकड्याला काय करायचं हे रुग्णालयागणिक थोडं बदलतं, आणि त्यात गैर काही नाही.

घरच्यांना एक स्पष्ट सांगा: ही शुगर उतरणं म्हणजे बाळाला मधुमेह नाही. आईकडून शिकलेली जास्तीची सवय असते ती, बहुतेकांत एक-दोन दिवसांत सुटते. तीन दिवसांनंतरही उतरतच राहिली तर मात्र शिशुतज्ज्ञ वेगळी कारणं शोधतात.

औषध पहिलं कोणतं? चिकाचं दूध. जन्मल्याच्या पहिल्या तासात बाळ अंगाला अंग लावून छातीशी, आणि मग दर दोन-तीन तासांनी पाजणं, मागायची वाट न बघता. ओढत नसेल तर चीक काढून वाटी-चमच्याने. ३६ आठवड्यांनंतर थोडा चीक आधीच काढून ठेवायचा का, हे पत्नीने तिच्या डॉक्टरांना विचारावं. सगळ्यांना ते योग्य नसतं, पण काहींना फार उपयोगी पडतं. बाळाला उबेत ठेवणंही तितकंच महत्त्वाचं, कारण गार पडलेलं बाळ अंग तापवण्यातच साखर जाळून टाकतं. एसीची खोली, जन्मल्या जन्मल्या आंघोळ, बघायला आलेल्यांनी दुपटं उघडून बघणं, हे पहिल्या दिवशी नकोच. नुसत्या दुधाने भागलं नाही तर काही रुग्णालयांत गालाच्या आत ग्लुकोजची जेल चोळतात. न्यूझीलंडमधल्या २०१३ सालच्या अभ्यासानंतर ही पद्धत पसरली आणि तिच्यामुळे बरीच बाळं आईजवळच राहू शकतात. त्यानेही भागलं नाही किंवा बाळ सुस्त असेल, तर शिरेतून १० टक्के ग्लुकोज, आधी थोडं आणि मग पंपाने सावकाश, सलग. सलग यासाठी की एकदम साखर ओतली तर ते आधीच तापलेलं स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि तासाभरात शुगर पुन्हा खाली.

साखरपाणी आणि मध नको म्हणण्यामागे एक कारण हेच. वडिलांना जे द्यायचं तेच बाळाला द्यायचं नाही. मधाला याशिवाय दुसरं, जास्त गंभीर कारण आहे. मधात क्वचित असे जिवाणूंचे बीजाणू असतात की लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, सोन्याच्या वळ्याने उगाळलेलाही नाही. आजीला वाईट वाटणार हे मला माहीत आहे. त्यांना चीक पाजताना बाळ धरायला द्या. पहिल्या दोन दिवसांत अनुभवी हाताची गरज तिथेच असते.

रुग्णालय ठरवताना एक गोष्ट आवर्जून विचारा: बाळाचा आयसीयू त्याच इमारतीत आहे का? ठाणे-नवी मुंबईत छोटी, चांगली प्रसूतिगृहं पुष्कळ आहेत, पण बाळाला गरज पडली की ते रुग्णवाहिकेतून दुसरीकडे जातं आणि आई इकडे. मग दूध काढून डबीतून ऐरोलीहून कळव्याच्या पुलावरून ठाण्याला धावाधाव, तीही टाके घातलेल्या बाईची काळजी बाजूला ठेवून. मधुमेह असलेल्या आईने हे आधीच टाळलेलं बरं. सोबत विचारा की बाळाची शुगर किती वेळा बघणार, पहिल्यांदा कधी, आणि आकडा जरा कमी आला तर आईजवळ ठेवून पाजायची सोय आहे की थेट काच. टाचेच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घेतात, पहिला दिवस तरी दर काही तासांनी. टाचेवर ठिपके दिसतील, घाबरू नका. मीटरवर आकडा कमी आला तर तो प्रयोगशाळेत पडताळून घेतात, पण उपाय तोवर थांबवत नाहीत.

बऱ्याच बाळांत शुगर उतरल्याचं बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून तर टोचून बघावं लागतं. दिसलंच तर असं: दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, अंग सैल, रडणं क्षीण किंवा विचित्र किरटं, अंग गार, ओठ निळे, श्वास मध्येच थांबणं, झटके. हातपाय थरथरताना दिसले तर तुमच्या मुठीत अलगद धरून बघा. नुसती थरथर असेल तर धरल्यावर थांबते, झटका थांबत नाही. थांबली तरी सांगायचं ताबडतोब. घरी आल्यानंतर यातलं काही दिसलं तर फोन करून सल्ला घेत बसू नका, थेट घेऊन जा.

एक माणूस या गडबडीत राहून जातं, ती म्हणजे बाळंतीण. वार पडली की इन्सुलिनला विरोध करणारी संप्रेरकं झपाट्याने ओसरतात. गरोदरपणातच मधुमेह आला असेल तर बहुतेकींचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद होतं. आदल्या दिवशीचा डोस कुणी सवयीने टोचला, तर बाळाआधी आईची शुगर उतरेल. तेव्हा बाळंतपणानंतरचं पहिलं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सिझेरियन ठरलेलं असेल तर त्या सकाळी उपाशी राहायचंय, मग सकाळच्या डोसचं काय, हेही लिहून घ्या. आणि सहा ते बारा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी तिची राहिलेली असते. बारशाच्या धांदलीत ती हमखास विसरली जाते, तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा.

शेवटी तुम्ही विचारलेलं राहिलं: घरातलं मीटर बाळासाठी वापरावं का? नको. बाळाचं रक्त दाट असतं, आकडे खालचे असतात आणि मोठ्यांचं मीटर तिथे चुकतं. ते मीटर आप्पांकडेच राहू द्या, आणि स्ट्रिपच्या डबीवरची तारीख तेवढी बघून घ्या.